वैशाखातला बंब

वैशाखात आमच्या वडगावात
नळाचं पाणीच कोमट येतं,
येतं तेव्हा.
आठव्या दिवशी, पहाटे तीनला, पिंपभर.

आणि दुपारी अडीचला
आमच्या परसात बंब पेटतो.

गौरव्वा भिंतीवरून डोकं काढून विचारत आली
वीस वर्षं :
"ब्यासिग्याग बिसिनीरा?"
उन्हाळ्यात ऊन पाणी!
आणि वीस वर्षं मी तिला तेच सांगत आले,
भट्टीची काजळी गार पाण्याला दाद देत नाही बाई.

उद्यमबागेतली पहिली पाळी सुटली
की भरमाण्णा सायकलवरून यायचा,
पापण्यांत वाळू, कानांत वाळू,
काळ्या मानेवरून घामाच्या दोन पांढऱ्या वाटा.
कढत पाणी दोन बादल्या.
तिसरी मी मागं ठेवायची, पाठीसाठी.

थंडीत बंब कसाही पेटतो.
कागद, शेणीचा तुकडा, दोन करवंट्या,
वर कोक टाकला की नळी घुरघुरते मांजरासारखी.
वैशाखात ओढच नसते.
बाहेरची हवा तापलेली, नळीतलीही तापलेली,
कुणी कुणाला वर जा म्हणायचं?
धूर उलटा डोळ्यांत.
म्हणून आधी नळीच्या वरच्या तोंडातून
जळता कागद आत सोडायचा.
हे त्यानंच शिकवलं मला.
कोक तीन मुठी. चौथी नाही.
राख सगळी काढायची नाही,
खालच्या दाराला विटेचा खापा लावायचा,
नाहीतर पाणी उकळून टोपण उडतं
आणि कडेचं अळू पोळून जातं.

कोक फुकटचा.
भट्टीच्या राडारोड्यातनं निवडून आणायचा तो,
अर्धा जळालेला, हलका,
पोत्यात खडखड वाजणारा.

या चैत्रात कारखान्यात विजेची भट्टी बसली.
बटणावरची.
कुपोल्यावरची चार माणसं घरी.

आता तो दवाखान्याच्या दारात उभा असतो,
निळा शर्ट, गळ्यात शिट्टी.
काचेचं दार उघडलं की आतली थंड हवा
पाठीला लागते म्हणतो.
सकाळी जातो तसाच घरी येतो.
कॉलरसुद्धा मळत नाही.

पहिल्या दिवशी मी बंब पेटवला नाही.
परसात गेला, तोटीला हात लावून बघितला,
परत आला.
चहा घेतला.

दुसऱ्या दिवशी खडखड ऐकून बाहेर आले
तर लुंगी खोचून बसलेला,
पोत्याच्या तळाचा कोक बोटांनी निवडत.
"काय करालाय हे?"
"विस्तव मरालाय बग. राख सगळी काढलीस काय तू?"
"पाणी कुणाला पायजे पण?"
तो जाळीकडंच बघत राहिला.

रंगावरून ओळखतो तो.
लाल म्हणजे अजून नाही,
नारिंगी म्हणजे थांब,
पिवळा आला की लोखंड
ताकासारखं ओतता येतं.
आमच्या बंबात पिवळा येत नाही.
येऊही नये,
दस्तगीरकडून कल्हई करून आणून
दोनच महिने झालेत.

त्या दिवशी तापलेलं पाणी
संध्याकाळपर्यंत तसंच राहिलं.
मी भांडी घासली त्यात.

मग गौरव्वाची लेक गोकाकहून आली, बाळंतपणाला.
आता अडीचला भिंतीवर आधी रिकामी बादली दिसते,
मग गौरव्वा.
विचारत काही नाही.
तो बादली भरतो, कोपर बुडवून बघतो,
जरा गार पाणी घालतो, पुन्हा बघतो,
आणि दोन्ही हातांनी उचलून पलीकडं देतो,
सांडू नये असं.
बाळ रडतं ते इकडं ऐकू येतं.
मग गप्प होतं.
तो खालचं दार लावून घेतो.

पोत्यात अजून आठेक दिवसांचा कोक असेल.
पुढचं मी त्याला विचारलेलं नाही.
काल भाजीला म्हणून बाहेर पडले
आणि खडे बाजारात
कोळशाचा भाव विचारून आले.